उपसागराच्या काठी, चुडाव्याजवळ

बंगालच्या उपसागराभोवतीच्या सात देशांचं भलं व्हावं, अशी त्या सातही देशांत मिळून कुणाला नसेल इतकी तळमळ एका माणसाला आहे, आणि तो माणूस चुडाव्याजवळ हळद लावतो. हे आमचे व्याही, माझ्या मंजूचे सासरे. त्यांची सगळी नोकरी रेल्वेत, मालाच्या बुकिंगवर गेली. कापसाच्या गाठी, सरकी, ज्वारी, जे डब्यात चढेल त्याच्या पावत्यांवर त्यांना कधीकधी पूर्वेकडच्या बंदरांची नावं लिहावी लागत. इतर कारकून नाव लिहून चहाला जात. आमचे व्याही मात्र बंदरातून पुढे ती गाठ कुठे जात असेल या काळजीत टेबलाशीच बसून राहत. त्या काळजीतून भिंतीवर नकाशा आला, नकाशातून उपसागर आला, आणि उपसागरातून ती सात देशांची सहकार्याची संघटना आली. भारत, बांगलादेश, म्यानमार, श्रीलंका, थायलंड, नेपाळ, भूतान ही नावं ते भावकीतल्या माणसांसारखी घेतात. भूतान स्वभावाने गरीब, थायलंड खटपट्या, वगैरे. समुद्र मात्र त्यांनी अजून पाहिलेला नाही. "दोनदा योग आलता, ताई," ते मला म्हणाले होते, "पण दोन्ही टायमाला हळद शिजवायची होती."

मंजूच्या स्थळाची बैठक त्यांच्या घरी झाली. मुलगा काय करतो, मुलगी किती शिकली, असं सगळं रीतसर चाललेलं असताना व्याह्यांनी मलाच विचारलं, "ताई, तुमच्या मानवतच्या अंगाला दुधना वाहते ना? ती कुठं जाते?" मला वाटलं, पाण्याची चौकशी करताहेत, कारण माझं मानवतमध्ये पाइप आणि ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. मी म्हणाले, "पूर्णेत जाते." "आन् पूर्णा?" "गोदावरीत." "आमचा वढाबी तिथंच जातो, आन् तिथून सगळं मिळून उपसागरात. म्हंजे आपण आदीपासूनच सोयरे हावो. बैठक तर नुस्ती कागदाला पाहिजे." माझ्या मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या कपाकडे पाहिलं. मुलगा चांगला होता म्हणून मी पुढे गेले.

त्या लग्नात मला सात देशांचा कारभार कसा चालतो हे कळलं. तिथे म्हणे मतदान नसतं. सगळ्यांचं एकमत झालं तरच गोष्ट पुढे सरकते. व्याह्यांनी जेवणाच्या बेतालाही तोच नियम लावला. जिलेबी की बालुशाही यावर तीन बैठका झाल्या. प्रत्येक बैठकीत वऱ्हाडातली एकेक मावशी विरोधात जायची आणि व्याही शांतपणे "पुढच्या टायमाला बघू" म्हणायचे. लग्न आठ दिवसांवर आल्यावर मी आचाऱ्याला परस्पर फोन करून दोन्ही करायला सांगितलं. हे कळल्यावर ते रागावतील असं वाटलं होतं, पण ते खूश झाले. "तुमाला तर ढाक्याला बसवायला पाहिजे," असं म्हणाले. ढाक्याला त्या संघटनेची कचेरी आहे. आमच्या व्याह्यांकडून कुणाची याहून मोठी तारीफ होत नाही.

या कचेरीला त्यांनी पत्र पाठवलं होतं. मुद्दा असा होता की नेपाळला समुद्र नाही, भूतानला समुद्र नाही, तरी ते दोघे सभासद आहेत. मग जे गाव उपसागराला दरवर्षी स्वतःचं पाणी पाठवतं त्याला निदान मागच्या बाकावर बसून ऐकायची इजाजत का असू नये? पत्र त्यांनी माझ्या दुकानात बसून, माझ्याच लेटरहेडच्या पाठकोऱ्या बाजूवर तीनदा उतरवून काढलं आणि रजिस्टर पोस्टाने, पोच मागवून धाडलं. बऱ्याच दिवसांनी पोच आली. उत्तर आलं नाही. ती पोच त्यांनी देवघरात ठेवली आहे. पोस्टमन सायकलवरून लांब दिसला की ते आजही अंगणात येऊन उभे राहतात, आणि तो सायकल न थांबवताच ओरडतो, "काका, ढाक्याचं न्हाई! लाइटबिल हाय!"

दुकानात ते आले की गिऱ्हाइकांची करमणूक होते. एकदा कपलिंग घ्यायला आलेल्या एका शेतकऱ्याला त्यांनी भारतातून म्यानमारमार्गे थायलंडला जाणाऱ्या रस्त्याची सगळी माहिती दिली. एकदा का तो पुरा झाला की गाडीत बसायचं ते थेट तिकडे उतरायचं. तो माणूस कपलिंग हातात फिरवत सगळं ऐकत होता. शेवटी म्हणाला, "काका, आदी आमच्या शेतातल्या आखाड्यावरच्या घराचा रस्ता हू द्या. थायलंडहून परत आल्यावर मी घरी कसा जाऊ?" यावर व्याही गंभीरपणे म्हणाले, "त्येचबी एकमत करावं लागंल."

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण या माणसाला सगळ्या जगात एकाच शेजाऱ्याशी बोलता येत नव्हतं, आणि तो त्यांचा सख्खा धाकटा भाऊ होता. दोघांची शेतं लागून, मध्ये बांध, आणि बांधाला लागून एक सामाईक विहीर. बांधावर लिंबाचं मोठं झाड होतं. धाकट्याने ते न विचारता तोडलं. नवीन घराच्या चौकटीला लाकूड हवं होतं. त्यावरून जे झालं ते झालं, आणि नऊ वर्षं दोघांत एक शब्द नाही. विहिरीच्या पाण्याची पाळी एक दिवसाआड. ज्याची पाळी असेल त्याने खांबावर लाल टॉवेल बांधायचा आणि उपसा झाला की सोडायचा. एवढा टॉवेल वगळला तर दोन घरांत दळणवळण नाही. मी एकदा सरळ विचारलं, "भाऊ, एका झाडापायी नऊ वर्षं? जाऊन बोला की." ते म्हणाले, "झाडाचं काय, बुडातून फुटायलंय ते. मीच चार माणसांत त्याला 'तू माझा कोणी न्हाईस' म्हणून बसलो. आता कोणत्या तोंडानं जाऊ?" मी म्हणाले, "आहे त्याच तोंडानं जा." तर मान हलवून म्हणाले, "थेट बोलणी लय धोक्याची असतात, ताई. सात देश बघा. मोठ्या तकरारीला कोणी हातच लावत न्हाई. आदी सोपं घेतात. विजेची तार घेतात, वादळाची खबर घेतात. हळूहळू सवय लागते."

म्हणून त्यांनी आधी वीज घेतली. नेपाळची वीज भारतातल्या तारांवरून बांगलादेशात न्यायची बोलणी चालल्याचं त्यांनी वाचलं होतं. त्याच सुमारास धाकट्याची मोटार केबल जळून बंद पडली. व्याह्यांनी माझ्या दुकानातून केबल नेली, आपल्या स्टार्टरवरून बांधापलीकडे धाकट्याच्या मोटारीपर्यंत टाकली आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी ती केबल व्यवस्थित गुंडाळून, सुतळीने बांधून बांधावर ठेवलेली होती. धाकट्याने परभणीहून स्वतःची आणली. व्याही केबल परत द्यायला दुकानात आले तेव्हा नेहमीसारखे बसले नाहीत.

मग त्यांनी वादळाची खबर घेतली. शाळेची एक जुनी पाटी विहिरीच्या खांबाला टांगली आणि रोज सकाळी रेडिओ ऐकून, फोनवर बघून, तिच्यावर हवामान लिहायला सुरुवात केली. 'उद्या ढग.' 'दोन दिवस ऊन.' खाली सही नाही, वर नाव नाही. धाकटा पाटीकडे पाठ करूनच मोटार चालू करायचा. असे कित्येक महिने गेले. एका फाल्गुनात धाकट्याची शिजवलेली हळद खळ्यावर वाळत पडलेली होती. पाटीवर लिहिलं होतं, 'उद्या दुपारून गारा. झाकून ठेवणे.' दुसऱ्या दिवशी सकाळी खळ्यावर ताडपत्री होती. दुपारी गारा आल्या. तिसऱ्या दिवशी पाटी स्वच्छ पुसलेली होती. विहीणबाईंना मी म्हणाले, "पाहिलंत? काही बोलला नाही तो." त्या पीठ मळता मळता म्हणाल्या, "पुसली म्हंजे वाचली की ओ." एवढ्याच आधारावर व्याह्यांनी पुढची तीन वर्षं पाटी लिहिली. पुसली जायची. उलट उत्तर कधी नसायचं.

गेल्या वर्षी त्यांना पाटीवरच्या आपल्याच ओळी कडेला दिसेनाशा झाल्या. काचबिंदू निघाला. परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं की गेलेली नजर येणार नाही, ऑपरेशन करून उरलेली वाचवायची. हे ऐकून विहीणबाई रडल्या. व्याह्यांनी डॉक्टरांना विचारलं, "किती दिवस शेतात जायचं न्हाई?" महिनाभर म्हटल्यावर त्यांचा चेहरा पहिल्यांदा उतरला. "पाटी कोरी राहील," ते मला हळूच म्हणाले. "त्याला वाटंल मी सोडून दिलं." मी विहीणबाईंना म्हणाले, तुम्ही लिहा. त्या ताडकन म्हणाल्या, "मी? माझ्या लग्नात लावलेलं झाड तोडलंय त्यानं. ह्यांचं झालं आसंल एकमत, माझं न्हाई झालं." मंजू आणि जावई पुण्यात. पाटी कोरी राहिली.

ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी शेतातली मोटार बघून यायला मी आणि विहीणबाई गेलो. व्याह्यांनी मला बजावलं होतं, "पाटीकडं बघून या." कोऱ्या पाटीकडे काय बघायचं, असं मनात म्हणत मी विहिरीवर गेले. पाटी कोरी नव्हती. जाड, तिरप्या, कधी फारसं न लिहिणाऱ्या हाताच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'उद्या वारा सुटणार. तुमचा कडबा बांधून ठेवा.' विहीणबाईंनी ते वाचलं. मग पदर खोचून कडब्याकडे गेल्या. मी फोटो काढला आणि त्यांना दोरी ओढू लागले.

दुसऱ्या दिवशी वारा सुटला नाही. झाडाचं पानही हललं नाही. संध्याकाळी दवाखान्यात मी फोटो बोटांनी मोठा करून फोन त्यांच्या बऱ्या डोळ्यासमोर धरला. त्यांनी एकेक अक्षर लावत वाचलं, पुन्हा वाचलं. "वारा आला का?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "नाही. साफ चुकलं धाकट्याचं." ते म्हणाले, "चुकू द्या. त्याला रेडिओ लावायची सवय न्हाई." मग फोन माझ्या हातात देऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. मी पाणी भरायच्या निमित्ताने बाहेर गेले. असल्या वेळी मला खोलीत काय करावं ते सुचत नाही.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. दोघे अजूनही तोंडाने बोलत नाहीत. पाळी टॉवेलवरच चालते. व्याह्यांना खडूची ओळ नीट लिहिता येत नाही, म्हणून पाटी धाकट्यानेच घेतली आहे. पाटी तरी कुठे राहिली! पुढे ती लहान पडू लागली, तेव्हा धाकट्याने आपल्या मोटारीच्या खोलीची व्याह्यांच्या शेताकडची भिंत डांबराने काळी केली आणि तिच्यावर चुन्याने लिहायला लागला. मागच्या महिन्यात मी गेले तेव्हा वीतभर उंचीची अक्षरं होती. परवा गेले तेव्हा हातभर झालेली होती. व्याह्यांची नजर किती राहिली हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. मी नाही आणि विहीणबाईंनीही नाही. तो पलीकडून बघत असणार, ते बांधावर किती पुढे येऊन थांबतात ते.

व्याही बांधावर उभे होते. मान तिरकी करून, बऱ्या डोळ्याने त्यांनी मला भिंत वाचून दाखवली, एखाद्या परिषदेचा ठराव वाचावा तशी. "उद्या. ऊन." मग समाधानाने माझ्याकडे वळून म्हणाले, "धाकट्याचं अक्षर दिवसेंदिवस लय सुधरायलंय, ताई."

मी हो म्हणाले.