मागावरचा ताणा आणि भावाचा कोपर

वेदनेपुढे राजा आणि रंक सारखेच. हे वाक्य मी भंडाऱ्यात एका फिजिओथेरपी दवाखान्याच्या उद्‌घाटनाला ऐकलं. बोलणारे प्रमुख पाहुणे होते आणि टॉवेल फक्त त्यांच्याच खुर्चीवर घातलेला होता. त्यांच्या मागे शॉकवेव्हचं यंत्र गळ्यात हार घालून उभं होतं. यंत्र लहान फ्रिजएवढं. त्याच्या एका बाजूने वायर निघाली होती आणि वायरच्या टोकाला पिस्तुलासारखी मूठ. ही मूठ कातडीवर टेकवली की धक्क्यांच्या लाटा आत जातात आणि जुनाट दुखणारे स्नायुबंध पुन्हा भरून यायला लागतात, असं निवेदकाने सांगितलं. तेव्हा पाहुण्यांनी मोठ्या मनाने आपला खांदा पुढे केला. टक्‌ असा एकच आवाज झाला. पाहुण्यांना लगेच लाखनीतला दुसरा कार्यक्रम आठवला.

मी टाळ्या वाजवल्या, पण नजर त्या मुठीवरच होती. असे हजारावर धक्के एका बैठकीत माझ्या मोठ्या भावाच्या उजव्या कोपरावर बसायचे होते. त्यासाठीच मी पवनीहून आलो होतो.

पवनीला आमच्या घराच्या पुढच्या भागात माझं कापडाचं दुकान आहे आणि मागच्या भागात भावाचा हातमाग. जमिनीत खड्डा, खड्ड्यात विणकराचे पाय, पायांखाली दाबायच्या पावड्या. डाव्या हाताने फणी ठोकायची आणि उजव्या हाताने दोरीला हिसका देऊन धोटा इकडून तिकडे पळवायचा. वयाच्या चौदाव्या वर्षापासून भावाचा उजवा हात हा हिसका देत आला होता. साठी आली आणि कोपराने नकार दिला. आधी दोरी ओढताना दुखायचं, पुढे चहाचा कप उचलतानासुद्धा दुखायला लागलं. तेल झालं, शेक झाला, पट्टा झाला. नागपुरात सुई घेतली तेव्हा काही दिवस बरं वाटलं आणि मग आधीपेक्षा वाईट. शेवटी तिथले डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, जेवता नक्की येईल. विणता येईल का, असं मी विचारलं. डॉक्टरांनी पंख्याकडे पाहिलं.

मागावर कोशाच्या रेशमाची साडी अर्धी विणून पडली होती. दुसरा विणकर बसवता आला असता, पण हात बदलला की ठोका बदलतो आणि कापडात पट्टा दिसतो. भावाला ते मान्य नव्हतं. तो रोज सकाळी आंघोळ करून खड्ड्याच्या काठावर बसायचा, पाय आत सोडून, हात मांडीवर ठेवून. दुकानात मला मागाचा आवाज येत नसे आणि त्या न येणाऱ्या आवाजाने मला हातातल्या पुस्तकाची दोन पानं सलग वाचता येत नसत. मला साडीची काळजी नव्हती. भावाला पत्ते येत नाहीत, देवळात तो रमत नाही, चौकात बसून राजकारण करायला त्याला तोंड नाही. माग बंद झाला तर हा माणूस बसेल कुठे, हे मला सुचत नव्हतं.

त्यात आमच्या घराची एक रीत आडवी आली. मागावर ताणा, म्हणजे साडीचं उभं सूत, चढलेला असेल तोवर दुखतं, तुटलं, नासलं, असं काही बोलायचं नाही. बोललं की सुतात उतरतं म्हणतात. ही रीत कोणी घातली ते ठाऊक नाही, पण पाळली सगळ्यांनी. वहिनींचं पहिलं बाळंतपण ताणा चढलेला असताना झालं. त्या दिवशी त्यांना जरा अस्वस्थ वाटत होतं, अशी आमच्या घरातली नोंद आहे.

पहिल्या बैठकीला मी भावाला एसटीने घेऊन गेलो. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने भावाला खाटेवर निजवलं आणि कोपराला थंडगार जेल लावलं.

"काका, हे यंत्र मला आतलं काही दाखवत नाही," ती म्हणाली. "मी दाबत जाते. सगळ्यात जास्त कुठे दुखते आणि दहापैकी किती, ते तुम्ही सांगायचं. सुन्न करायची सुई मी देत नाही, नाहीतर तुम्हाला सांगताच येणार नाही. इथे दुखते?"

"ठीक हाये."

"इथे?"

"तेबी ठीक हाये."

"मग दुखते कुठे?"

भावाने डाव्या हाताने बाही आणखी वर सारली. डॉक्टरने अंदाजाने जागा धरली आणि यंत्र सुरू केलं. टक्‌टक्‌टक्‌टक्‌. सुतारपक्षी झाडावर बसावा तसा आवाज.

"किती काका, दहापैकी?"

"काही नाई."

तिने जोर वाढवला. भावाचा चेहरा कोऱ्या कापडासारखा होता, पण मी पायांकडे बसलो होतो. त्याची बोटं आत वळली होती आणि टाचा खाटेत रुतत होत्या.

"डॉक्टर, त्याले दुखून राहिलं," मी म्हणालो.

"कोपर तुहा हाये का बे?" भाऊ म्हणाला. "तू कायले मधात बोलून राहिला?"

"तुहे पाय पाह्य ना."

"पायाचा इलाज नाई चालू इथं."

डॉक्टर हसली नाही. ती एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. न दुखणारा कोपर घेऊन एवढ्या लांबून कोणी कशाला येईल, हा प्रश्न तिच्या कपाळावर दिसत होता.

दुसऱ्या बैठकीनंतर कोपराजवळ निळा डाग उठला. भावाला पाण्याचा गडवा डाव्या हाताने उचलताना मी पाहिलं. आता आत काही तुटलं असेल का? ऑपरेशन परवडलं असतं का? मी डॉक्टरला फोन केला. तिने सरळ सांगितलं, डाग जाईल, पण असं आंधळेपणाने मारत राहण्यात अर्थ नाही. "काकांनी सांगितलं तर पुढची बैठक करते, नाहीतर तुम्ही नागपूरलाच जा. आणि सांगितल्यावरही सगळ्यांना फायदा होतोच असं नाही." त्या दवाखान्याबद्दल मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य होतं जे माईकवरून बोलता आलं नसतं. म्हणून मला ते खरं वाटलं, आणि खरं वाटल्यामुळे जास्त भीती वाटली.

ताणा कापून काढ, मग बोल, असं मी भावाला सांगून पाहिलं. त्याने घरातली कात्री उचलून माझ्या दुकानात आणून ठेवली.

हे सगळं वहिनी ऐकत होत्या. त्या एकोडीच्या, धानाच्या शेतीतल्या घरातल्या. आमच्या रीती त्यांनी सगळ्या पाळल्या, पण कशाने काय होतं याबद्दल त्यांचं मत कोणी विचारलं नव्हतं. पुढच्या बैठकीच्या सकाळी त्या लुगडं बदलून अंगणात उभ्या राहिल्या.

"मीबी येतो."

"तू काहून?" भाऊ म्हणाला.

"तुमी नोका बोलू. रीत घरातली हाये ना? दवाखान्यात काई माग नाई. मी बोलतो."

दवाखान्यात त्या भावाच्या उशाशी स्टुलावर बसल्या, पदर खोचून, धानाच्या रोवणीला उतरल्यासारख्या तयारीने. डॉक्टरने बोट दाबलं.

"इथे?"

वहिनींनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "तीन."

बोट सरकलं.

"पाच. जराशी खाली घ्या, बाई. हां, आता पाहा, नाकपुडी फुगली. आठ."

"काही आठ नाई," भाऊ म्हणाला.

"बोलले म्हंजे नऊ."

डॉक्टरचा हात थांबला. आधीच्या दोन्ही बैठकांत तिने जिथे मूठ धरली होती, तिथून ही जागा बोटभर बाजूला होती. तिने पेनाने खूण केली आणि यंत्र अगदी हळू सुरू केलं. वहिनी आकडे सांगत गेल्या, डॉक्टर जोर कमी-जास्त करत गेली. मध्येच वहिनी म्हणाल्या, "पोट आत घेतलं, थांबा," आणि ती थांबली. खाटेवर भाऊ निजून होता, एखाद्या सभेत आपल्याविषयी ठराव मंजूर होत असावा तसा. शेवटी शेवटी आठाचे सहा झाले, सहाचे पाच. त्याच्या डोळ्याच्या कडेने पाणी कानात उतरलं. ते वहिनींनी पदराने टिपलं आणि त्याचा आकडा सांगितला नाही.

अशा आणखी काही बैठका झाल्या. परिणाम काही आठवड्यांनी कळेल, तोवर मागावर बसायचं नाही, असं डॉक्टरने बजावलं होतं. ते आठवडे सगळ्यात वाईट गेले. बरा होतोय का, हे भावाला विचारण्यात अर्थ नव्हता आणि वहिनींना विचारलं की त्या फक्त बोटं दाखवायच्या. चार. पुन्हा पाच. मग तीन. पाच दाखवली त्या दिवशी मी गिऱ्हाइकाला मापापेक्षा हातभर कापड जास्त फाडून दिलं.

मग एका दुपारी दुकानात बसलो असताना मागून आवाज आला. खट्‌. थोडं थांबून, खट्‌. डॉक्टरने होकार दिला होता, पण मला कोणी सांगितलं नव्हतं. मी हातातला कापडाचा तागा तसाच टाकून मधल्या दारापर्यंत गेलो आणि तिथेच उभा राहिलो. आत जायचा धीर झाला नाही. काही वेळाने आवाज बंद पडला. मी चौकट घट्ट धरली. आत भाऊ पाणी मागत होता. पाणी पिऊन झालं आणि खट्‌ पुन्हा सुरू झालं.

महिनाभराने साडी उतरली. मधे काम थांबलं होतं ती जागा उजेडात धरली तर दिसायची, आणि व्यापाऱ्याने ती धरली नाही. माग रिकामा झाला, वहिनींनी खीर केली, आम्ही तिघं जेवायला बसलो. भावाने उजव्या हाताने वाटी उचलली, खीर संपवली, खाली ठेवली आणि बऱ्याच महिन्यांनी मोकळ्या आवाजात बोलला.

"डावा गुडघा दुखून राहिला. दोन वर्सं झाले."

मी तिथूनच दवाखान्यात फोन लावला. यंत्र गोंदियाला गेलं होतं. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा निघून जिल्हे दोन झाले असले तरी यंत्र दोघांत मिळून एकच आहे, आणि भंडाऱ्यात त्याचा वार मंगळवार.