खणातली शांतता

कानवाल्या बाईंची आणि माझी ओळख भांडणानेच झाली. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण आमच्या घरात त्या पहिल्यापासून कानवाल्या बाईच. मी छत्तीस वर्षं छापखान्यात मशीन चालवलं. त्या धडधडीने माझे कान गेले. कधी गेले ते कळलं नाही, कारण कान जाताना आवाज करत नाहीत. लेक मला त्यांच्याकडे जवळजवळ ओढतच घेऊन गेली, तेव्हा मी खुर्चीत बसण्याआधीच सुनावलं, "मला सगळं ऐकू येतं. लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात."

"खरंय काका," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे येणारा प्रत्येक जण हेच सांगतो. गावातल्या लोकांना कोणीतरी बोलायला शिकवायला पाहिजे. तोवर बसा, कान बघते."

मला राग आला तो त्यांच्या थट्टेचा नव्हे. त्यांचं बोलणं मला पहिल्या झटक्यात, अक्षरन् अक्षर कळलं होतं, त्याचा आला. नंतर लक्षात आलं की ही त्यांची पद्धतच होती. त्यांची खुर्ची खिडकीसमोर असते, म्हणजे उजेड त्यांच्या तोंडावर पडतो. त्या पाठीमागून कधी बोलत नाहीत, ओरडत तर मुळीच नाहीत, आणि बोलण्याआधी तुम्ही त्यांच्याकडे बघेपर्यंत थांबतात. घरात माझ्याशी अशा रीतीने कोणी बोलत नव्हतं. घरात सगळे स्वयंपाकघरातून ओरडायचे आणि मग "बाबांना सांगून उपयोग नाही" म्हणायचे.

त्यांची जागा म्हणजे कुलपं-किल्ल्यांच्या दुकानावरची दीड खोली. अर्ध्या खोलीत कानांची तपासणी. तिच्या भिंतींना गालिच्याचे तुकडे चिकटवलेले आहेत आणि दार लावलं की आपलाच श्वास ऐकू येतो, म्हणजे ज्यांना येतो त्यांना. पूर्ण खोलीत एक टेबल, एक संगणक, एक छोटा ब्रश, आणि गुलाबी लगद्याचा डबा. तो लगदा कानात भरून कानाचा साचा घेतात. बाई एकट्याच सगळं करतात. कानाचं मशीन गिऱ्हाइकाला देण्याआधी एक दिवस ते स्वतःच्या कानात घालून फिरतात. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "चमचे ताटात पडले की काय होतं ते मला माहीत नको? मग मी तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगू, की सवय होईल म्हणून?"

सवय काही झाली नाही. दोन्ही कानांत मशीनं बसली आणि घर अंगावर आलं. नळ, पंखा, पिशव्या, चपला, सगळेच माझ्याशी भांडायला लागले. पण ते मी सोसलं असतं. खरी गोष्ट वेगळी होती, आणि ती सांगायला मला अजूनही लाज वाटते.

आमच्या घरात मी, लेक आणि सात वर्षांची नात. जावई दूरच्या गावी नोकरीला, महिन्यातून एकदा येतात. नात तीनला शाळेतून येते, लेक सातला कामावरून. मधले चार तास ती आणि मी. हे चार तास म्हणजे माझा सगळा दिवस, बाकीचा वेळ नुसता त्यांच्या अलीकडे-पलीकडे. लेकीने मशीन आणलं तेच या चार तासांसाठी. "बाबा, कानात मशीन असेल तरच ती तुमच्यापाशी राहील," तिने निक्षून सांगितलं. "नाहीतर पाळणाघर. मग माझ्यावर रागावू नका." मी रागावलो, आणि कबूल केलं.

आता नातीची एक खोड. मला ऐकू येत नाही म्हणून ती लहानपणापासून माझ्या मांडीवर चढायची, डाव्या कानाला दोन्ही हातांचा द्रोण लावायची आणि त्यात बोलायची. शाळेत कोण कोणाशी बोलत नाही, बाईंनी कोणाला उभं केलं, सगळं गरम श्वासासकट माझ्या कानात. मशीन आलं आणि तिने हात लावला की ते शिट्टी मारायला लागलं. चार दिवसांत ती शिकली. दारातूनच सांगायची, "आजोबा, आज काही नाही झालं," आणि खेळायला जायची. मला ते स्पष्ट ऐकू यायचं. पण ते ऐकायला मी एवढे दिवस बसलो नव्हतो.

म्हणून मी तीन वाजायच्या आत मशीनं काढायला लागलो. पुढे सकाळीसुद्धा घालेनासा झालो. लेक यायच्या आधी पाच मिनिटं पुन्हा कानात. नात पुन्हा मांडीवर. माझ्यासारखा सुखी माणूस नव्हता.

पण मी छापखान्यातला माणूस, यंत्राला फसवता येत नाही हे मला ठाऊक. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की मशीन आपण किती तास वापरलं ते आपल्याच पोटात लिहून ठेवतं. म्हणून मी डोकं लढवलं. मशीनं बंद न करता, चालूच ठेवून, टेबलाच्या खणात गजराच्या घड्याळाशेजारी ठेवायची. लिहू दे म्हटलं काय लिहायचं ते. आपल्या हुशारीवर मी इतका खूश होतो की बॅटऱ्या संपल्या की वेळच्या वेळी बदलायचो.

दोन महिन्यांनी तपासणीला गेलो. लेक बरोबर होती. बाईंनी मशीनं माझ्या कानातच ठेवून संगणकाला जोडली आणि पडद्याकडे बघितलं. मग पडदा लेकीला दिसणार नाही असा थोडा स्वतःकडे वळवला.

"मॅडम, बाबा रोज किती वेळ लावतात?" लेकीने विचारलं. "आणि ते घरच्यांसाठीचं अ‍ॅप निघालंय ना? मशीन चालू आहे की बंद ते म्हणे माझ्या मोबाइलवर दिसतं. तेवढं टाकून द्या. मी ऑफिसातून बघत जाईन."

"निघालंय," बाई म्हणाल्या. "चांगलं आहे. पण ते काकांनी हो म्हटलं तर टाकते. आणि पडद्यावरचं मी काकांशी बोलते. तुम्ही पाच मिनिटं बाहेर बसाल का?"

"मॅडम, पैसे मी भरलेत," लेक म्हणाली. ती अशी बोलत नाही, पण दमलेली होती.

"हो ना. पण पैसे कोणीही भरोत, माझं गिऱ्हाईक कान ज्याचे तो," बाई म्हणाल्या, अगदी साध्या सुरात. लेक उठून बाहेर गेली. दार जरा जोरात लागलं, तेही मला ऐकू आलं.

बाई माझ्याकडे बघत थांबल्या. मी भिंतीवरचा कानाचा तक्ता वाचत होतो.

"रोज साडेबारा तास," त्या म्हणाल्या. "शाबास म्हणणार होते. पण काका, हे मशीन नुसते तास लिहीत नाही. आजूबाजूला काय होतं तेही लिहितं. शब्द नाही हां, फक्त बोलणं किती, गोंगाट किती, शांतता किती. तुमच्याकडे साडेबारातले दहा तास शांतता आहे. घरात सात वर्षांची पोर आहे ना? मग एवढी शांतता आणली कुठून?"

मी पुन्हा तक्त्याकडे बघितलं. बाईंनी घाई केली नाही. शेवटी मीच म्हणालो, "खणातून."

त्या हसल्या. इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला. मलाही हसू आलं, आणि हसता हसता मी सगळं सांगून बसलो. मांडी, हातांचा द्रोण, शिट्टी. आणि मग जे कोणालाच सांगितलं नव्हतं तेही. आधीच्या आठवड्यात नात न्हाणीघरात अडकली होती. कडी आतून बसली ती निघेना. ती दार बडवत, हाका मारत होती आणि मी भिंतीच्या या बाजूला पेपर वाचत होतो. अर्ध्या तासाने पोर दिसेना म्हणून उठलो, तेव्हा दार हलताना दिसलं. फटीत पेचकस घालून कडी सरकवली. ती बाहेर आली तेव्हा तिचा आवाज बसला होता. तिने डोळे पुसले, माझ्या मांडीवर चढली आणि कानात म्हणाली, "मी आईला नाही सांगणार हां, आजोबा."

बाईंचं हसणं थांबलं होतं. त्यांनी चष्मा परत लावला.

"काका, मी आधी मोठ्या दुकानात होते," त्या म्हणाल्या. "चौदा वर्षं. तिथे हा हिशेब ज्याने बिल भरलं त्याला आपोआप जायचा. एक म्हाताऱ्या मास्तरीण होत्या. त्यांचा मुलगा रोज दुपारी फोन करून विचारायचा, आज दोन तास कमी का? एके दिवशी त्यांनी मशीनं पाकिटात घालून आणली आणि टेबलावर ठेवली. म्हणाल्या, तुम्ही मला कान दिले का पहारेकरी? त्या परत आल्या नाहीत. मी सहा महिन्यांनी ती नोकरी सोडली. म्हणून तुमच्या लेकीला मी काही सांगणार नाही. विचारलंच तर खोटंही बोलणार नाही, म्हणेन त्यांनाच विचारा."

माझा जीव भांड्यात पडला. तो फार वेळ तिथे राहिला नाही.

"पण कान तुमचे असले तरी पोर तुमच्या एकट्याची नाही," त्या म्हणाल्या. "न्हाणीघराची गोष्ट तुम्ही सांगायची. आज, इथे. मी दार उघडते. सांगितल्याशिवाय या खुर्चीतून उठायचं नाही. माझ्यानंतरची दोन गिऱ्हाइकं थांबली तरी चालतील."

मी आयुष्यात मालकांशी, युनियनवाल्यांशी, रेशनच्या दुकानदाराशी भांडलो आहे. शेपूट घालणारा मी नव्हे. पण त्या दिवशी भ्यालो. नात जाणार हे मला दिसत होतं. चार तास जाणार. लेक आत आली, बाईंनी तिला माझ्यासमोर, उजेडात बसवलं, आणि मी सांगितलं. खणासकट सगळं सांगितलं.

लेक ओरडली नाही. ओरडली असती तर बरं. ती हळू आवाजात म्हणाली, आणि मशीन कानात असल्यामुळे मला नीट ऐकू आलं, "बाबा, तुम्ही ऐकलं नाहीत हे एक वेळ ठीक. पण माझ्या पोरीला माझ्यापासून लपवायला शिकवलंत." मी म्हणालो, "ते अ‍ॅप टाक तुझ्या मोबाइलमध्ये." ती म्हणाली, "आता मला काही बघायचं नाही."

नात दुसऱ्या दिवसापासून पाळणाघरात जायला लागली. सहा आठवडे. त्या सहा आठवड्यांत मी सकाळी सहाला मशीनं घालायचो ती झोपतानाच काढायचो. बघायला कोणी नव्हतं, म्हणूनच घालत होतो. चमचे अंगावर आले, नंतर येईनासे झाले. दर शनिवारी बाईंकडे जायचो. त्या मशीनमध्ये बारीक फेरफार करायच्या आणि विचारायच्या, काय टोचतंय? एका शनिवारी त्यांनी लेकीला निरोप धाडून नातीला बोलावून घेतलं. तिला गालिच्याच्या खोलीत उभं करून न्हाणीघरातून मारावी तशी हाक मारायला लावली, दाराआडून, आणि ती हाक मला कळेपर्यंत मशीन जुळवत राहिल्या. सातव्या हाकेला मी उठून दार उघडलं. लेक कोपऱ्यात उभी होती. सोमवारी नात तीनला घरी आली. कडीही बदलून घेतली आहे.

त्या शनिवारी निघताना बाईंनी मला थांबवून सांगितलं होतं, "काका, कानात बोलून घ्यायचं असेल तर लेक घरी आली की घ्या. सातनंतर. तेव्हा ऐकायला दुसरे कान असतात घरात."

परवा पुन्हा तपासणी होती. बाईंनी मशीनं जोडली. लेक शेजारीच होती. बाई म्हणाल्या, "ते अ‍ॅप टाकायचं का आता? काकांचा होकार आहे." लेक म्हणाली, "नको. मला काही वाटलं तर मी त्यांनाच विचारीन." आणि माझ्याकडे बघितलं. छत्तीस वर्षांच्या नोकरीत मला कोणी दिलं नाही असं काहीतरी तिने त्या वाक्यात दिलं. मला बाईंचे पाय धरावेसे वाटले, पण खुर्ची फिरती आहे, पडलो असतो.

बाई पडदा वाचत होत्या. उजवा कान, रोज चौदा तास. डावा कान, रोज साडेतेरा. त्यांनी दोन्ही आकडे बघितले, एकदा माझ्या डाव्या कानाकडे बघितलं, आणि पडदा आपल्याकडे वळवून घेतला.

"सगळं व्यवस्थित आहे," त्या म्हणाल्या.

त्या अर्ध्या तासात नात काय सांगते, ते त्यांनी विचारलं नाही. लेकही विचारत नाही. संध्याकाळी सातला ती चपला काढते, पिशवी ठेवते, आणि नातीला म्हणते, "जा, मी आहे." मग मी डाव्या कानातलं मशीन काढतो, बंद करतो, आणि खण उघडतो.