सॅन फ्रान्सिस्को, साडेतीन तासांवर

नाशिकहून अमेरिका दीड तासावरच्या पेठ गावापेक्षा दोनेक तासच जास्त लांब आहे, हे मी एका दिवसापुरतं सिद्ध केलं होतं.

त्या पहाटे आमचा मुलगा मिहीर सॅन फ्रान्सिस्कोला निघाला. निघताना बॅगेचं वजन जास्त भरलं, म्हणून ती हॉलमध्ये उघडली आणि थालीपिठाच्या भाजणीची पिशवी फुटली. (फोडली मीच. दाबून बसवत होतो!) पंखा चालू होता. फरशी, सोफा, देवघर, सगळीकडे भाजणी!

मिहीरची टॅक्सी वळली, बायकोनं झाडू उचलला आणि माझी आत्या कडाडली, "खबरदार! माणूस मुक्कामी पोचेपर्यंत घरात केर काढायचा नाही!" (आत्या ऐंशीची, आवाज विशीतला.)

नऊ वाजता फोन आला. आमच्या केतकीला बघायला येणारी पेठची मंडळी आज नाशकातच होती. सहाला येऊ का, म्हणत होती. बायकोनं फोनवर हात ठेवला. "अहो, मिहीर पोचेल कधी? या भाजणीत बसवू का त्यांना?"

मी तिकीट पाहिलं. "दुपारी एकला मुंबईहून उडणार, साडेचारला उतरणार. आजच! साडेतीन तास!"

"अमेरिका इतकी जवळ?"

"अगं, वर घाट नाही, टोलनाका नाही. शिवाय पृथ्वी फिरते! विमान तिकडे जातं, अमेरिका इकडे येते!"

"या ना, सहाला या!" बायको फोनवर म्हणाली.

साडेचारला मी जाहीर केलं, "पोचला!"

"आवाज ऐकव त्याचा," आत्या म्हणाली. मिहीरचा फोन बंद!

पाचला केतकी ऑफिसातून आली. तिनं मोबाईलवर विमानांचा नकाशा उघडला. मिहीरचं पिटुकलं विमान सरळ वर चाललं होतं.

"उत्तरेला?" मी ओरडलो. "अमेरिका पश्चिमेला ना! पायलट चुकला! फोन लावा कुणीतरी!"

"कुणाला बाबा, पायलटला?" तिनं कपाटावरचा पृथ्वीगोल काढला आणि मुंबईपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत दोरा ताणला. दोरा उत्तर ध्रुवाच्या अंगानंच जाई! "जवळची वाट हीच. तरी सोळा तास लागतात. साडेचार वाजतील ते तिथल्या घड्याळात."

कुणी केर काढू नये म्हणून आत्यानं दारासमोर खुर्ची टाकली आणि झाडू मांडीवर घेऊन बसली. बेल वाजली.

मुलाच्या आईंनी फरशी पाहिली. आत्याच्या मांडीवरचा झाडू पाहिला. बायकोचा चेहरा भाजणीच्या रंगाचा झाला.

"कोण गावाला गेलंय का?" त्यांनी विचारलं.

"नातू," आत्या म्हणाली. "अजून हवेत आहे."

"मग बरोबर! आम्ही बी नाय झाडत बाई!" आणि त्या खुशाल भाजणीत बसल्या.

चहा निवला, पण पृथ्वीगोलाभोवतीची गर्दी हलेना. "म्हंजे डोंगराला वळसा घालतो तसंच हाय की!" मुलाचे वडील म्हणाले. दोऱ्याचं मुंबईचं टोक मुलानं धरलं, सॅन फ्रान्सिस्कोचं केतकीनं. मापून झालं तरी दोघांपैकी कुणी सोडेना! आत्यानं माझ्याकडे बघून डोळा मारला.

मंडळी निघाली. "आता ही घरी पोचेपर्यंतही केर नाही हं," आत्या म्हणाली. "पेठला किती वेळ लागतो रे?"

मी तोंड उघडलं.

"तुम्ही नाही!" बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिहीरचा फोन आला, "पोचलो!" आत्यानं त्याच्याकडून ते दोनदा वदवून घेतलं आणि झाडू माझ्या हातात दिला. "काढ केर. तुझ्या हिशेबानं पाच मिनिटांचं काम आहे."

दुपारी जेवायची हाक आली, तेव्हा मी सोफ्याखाली, उत्तर ध्रुवाच्या आसपास होतो!