चिंचेनं घासलेली रायफल

वडिलांच्या मागं त्यांची शिकारीची विलायती रायफल भावाच्या परवान्यावर आली. ती विकून त्याला घरावर मजला चढवायचा होता. किंमत काढायला आम्ही उमरग्याहून सोलापूरला बंदुकीच्या दुकानात गेलो.

दुकानदारानं नळी उजेडात फिरवली. "मूळचा काळा-निळा मुलामा गेलाय. शौकीन लोक त्याचेच पैसे देतात. आता निम्मा भाव. कोणी घासली हो?"

"लई हुशार दिसता तुमी," भाऊ म्हणाला. "भाव पाडायची युक्ती हाय ही."

"तर काय," मीही री ओढली.

खरं मला कळलं होतं. दर दसऱ्याला शस्त्रपूजेआधी देवाच्या तांब्यासारखी ती चिंचेनं घासून मीच लखलखीत करायचो. पुढं प्रत्येक दुकानदार भावाला लबाडच वाटला. मजला राहूनच गेला.

यंदा दसऱ्याला त्यानं रायफल माझ्यापुढं ठेवली, शेजारी चिंचेचा गोळा. "घे. तुझ्यासारखी कुणी चमकवत न्हाय."

तो मला जोखतोय असं वाटलं. मी चिंच बाजूला सारली. "दादा, तो दुकानदार खरं बोलत होता."

"व्हय, ते समजलं मला मागाहून," भाऊ म्हणाला. "पर तवा त्याच्यापुढं तू माझीच री का ओढलीस, ते सांग."