अर्ध्या पुस्तकाची आखाजी

"तुमना गावना बठ्ठा नवरा टकला निंघोत!"

माहेरी आलेली माझी थोरली बहीण आमच्या काठावरून अशी किंचाळली, की पांझरा नदीकाठच्या बाभळीवरचे बगळे उडाले ते थेट साक्रीला जाऊन बसले. पलीकडून आधी शिव्या आल्या. मागोमाग दगड.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नदीत गौराई बोळवली की दोन्ही गावच्या मुलींनी आपापल्या काठावर उभं राहून एकमेकींचा उद्धार करायचा, ढेकळं मारायची, ही आमची रीत. कायदा एकच. नात्यातल्या पोरीवर हात उगारायचा नाही.

त्या वर्षी ढेकळांचे दगड झाले ते एका पुस्तकापायी. मामाने जळगावच्या स्टँडवरून, जुन्या पुस्तकांच्या ढिगातून आणलेलं. कव्हर नाही, नाव नाही, आत फक्त 'कुमारांसाठी' छापलेलं. कोणाच्या कुमारांसाठी, राक्षसांच्या? पलीकडच्या गावची मावसबहीण आणि मी, दोघी पंधराच्या, दोघींना ते आधी हवं. ओढाओढीत मधोमध फाटलं. सुरुवात माझ्या हातात राहिली, शेवट तिच्या. आखाजीला नदीतच अदलाबदल करायची, असं ठरलं.

पुस्तकातलं शहर पुढच्या काळातलं. मधून एक भिंत. सोळावं लागलं की पोराला तिच्यावर चढवायचे आणि पलीकडचं जे सगळ्यात जवळचं, त्याचंच डोकं फोडायला लावायचे. नाही फोडलं, तर आईबापांसकट घर पेटवायचे. पडलेले दात वेचायला पगारी म्हाताऱ्या होत्या. रक्ताची खपली इतकी जाड, की भिंत दर सोमवारी कुदळीने तासायचे. हे शेवटचं पुस्तकात होतं की मीच घातलं, आता सांगवत नाही. आखाजीसाठी बांधलेल्या झोक्यांखाली बसून मी ते मोठ्याने वाचलं, तेव्हा झोके थांबले, एकीला ओकारी झाली, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या बठ्ठ्या, एकूणएक पोरी ओटीत गोटे वेचताना दिसल्या.

माझा अर्धा भाग संपत होता तो नायिकेवर. ती भिंतीवर उभी, समोर जिवाची मैत्रीण, 'तिने दगडाचा हात' आणि पान खलास. ती मारते का? मला अन्न गोड लागेना. हे माझ्या मावसबहिणीला ठाऊक होतं, आणि तिने तर सुरुवात न वाचता नुसता शेवटच वाचला होता. तिच्या आणि तिच्याकडून ऐकणाऱ्या तिकडच्या पोरींच्या वाट्याला निव्वळ कत्तल.

तर त्या दुपारी दगड असे पडत होते, की ऊन खाली पोचत नव्हतं. आमच्या एकीचा ओठ फाटला, त्यांच्या एकीचं मनगट मोडलं; ती डाव्या हाताने मारत राहिली. मी कमरेचं पुस्तक काढलं, डोक्यावर धरलं आणि कोरड्या पात्रात उतरले. समोरून मावसबहीण उतरली. तिच्या हातात पुस्तक नव्हतं.

"मारस का नई ती?" मी ओरडले. "इतलं सांग!"

तिने माझ्याकडे पाहिलं. ओळखून पाहिलं. मग हात मागे नेला.

कपाळावर वीज पडली. पांझरेला भर वैशाखात पूर आला तो माझ्या रक्ताचा, असं मी आजही सांगते आणि कोणी खोडून काढत नाही, कारण कपाळावर खूण आहे. दोन्ही काठांनी ओटीतले गोटे टाकले. बहिणीने मला पाठुंगळीला घेऊन घरी नेलं. आईने जखमेत हळद कोंबली, आणि तिच्या तोंडून मावशीच्या सात पिढ्या निघाल्या. त्या तिच्याही होत्या, हे तिच्या ध्यानात नव्हतं.

दिवेलागणीला मावसबहीण आली. खापरावरच्या पुरणाच्या मांड्यांचं ताट घेऊन, मान खाली. पुस्तक आणलंच नव्हतं. आई उठून आत गेली. मी एका उघड्या डोळ्याने तिला बघत होते.

"ती मारस का?" मी विचारलं.

तिने मांड्याचा तुकडा मोडला आणि माझ्यापुढे धरला.

"मारस," ती म्हणाली. "खाय आते. वातड व्हई जाई."