पाच कोरी चक्रं
माळा आवरताना वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक जड पुडी हाताला लागली आणि ती सोडायच्या आधीच ग्रीसच्या वासाने मला ओळख पटली. आयटीतल्या पहिल्या नोकरीत रुळल्यावर मी बाबांची जाड टायरची, गिअरची सायकल दुरुस्तीला काढली होती. दहा वर्षं ते तिच्यावरून धायरीहून स्वारगेटजवळच्या कचेरीत जायचे, पण त्या सुमारास चढावर साखळी सटकून दोनदा पडले होते आणि आई सायकल भंगारात द्यायला निघाली होती. दुकानदाराने मागचं चाक काढलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "अहो काका, सहा चक्रांपैकी एकाचे दात पार झिजलेत आणि पाच कोरी! बाकीचे गिअर काय सणासुदीला काढता?" बाबा शांतपणे म्हणाले, "उगीच कशाला झिजवायचे? वेळेला असावेत." सुटं चक्र मिळत नव्हतं, अख्खा संचच बदलावा लागणार होता. "एकापायी पाच चांगली टाकायची?" बाबांचा चेहरा उतरला. मी ऐकलं नाही. नवा संच आणि नवी साखळी बसवून घेतली. घराजवळच्या चढावर मी स्कूटरवरून त्यांच्या मागे होते. खट्, खट्, खट् करत बाबा सीटवरून न उठता वर पोचले, वळून खाली आले आणि पुन्हा चढायला लागले. "सगळे चालतात का ते बघतोय," असं मला ओरडून सांगितलं, तेही चौथ्या फेरीला. जुना संच मात्र त्यांनी दुकानदाराकडून मागून आणला होता. आज तो टाकायला म्हणून मी जिन्यापर्यंत गेले, मग परत फिरले आणि पुडी नीट बांधून माळ्यावर ठेवली. पाच चक्रं अजून कोरी आहेत.