स्वस्त चहाची अट

काल लेकीनं चहाचं नवं पुडकं फोडलं आणि त्या वासासरशी मी म्हसवडच्या आमच्या दुकानात जाऊन पोचले.

मी नववीत होते. अब्बा सुटी चहापत्ती विकायचे. त्या दुपारी कुठल्याशा कंपनीचा माणूस आला होता, फार गोड बोलणारा. "चाचा, बाजारापेक्षा लय स्वस्त देतो. फकस्त दुसरा चहा दुकानात ठेवायचा न्हाई."

अब्बांनी पत्ती तळहातावर चोळली, हुंगली, मलाही हुंगायला दिली. वास खरंच सुरेख होता. तरी त्यांच्या कपाळावरची आठी जाईना.

मी म्हणाले, "अब्बा, आजच सरांनी शिकवलं. इंग्रजांनी अमेरिकेत असाच स्वस्त चहा पाठवला. पण त्यावर कर होताच, आणि विकायचा हक्क त्यांच्याच मर्जीतल्या व्यापाऱ्यांना. लोकांनी पेट्या समुद्रात फेकल्या."

तो माणूस हसला. "आवं, कुठं अमेरिका, कुठं म्हसवड!"

"उद्या तुमी भाव वाढवला, तर मी कुणाकडं जाऊ?" अब्बांनी विचारलं. तो पुडी आवरून उठला.

तो चहा समोरच्या दुकानातल्या शंकररावांनी घेतला. आमची गिऱ्हाइकं तिकडं वळली. तेव्हा मला अब्बांचा संशय निव्वळ हट्ट वाटायचा. आज कळतं, मनातून तेही घाबरले असणार.

पुढं कंपनीनं भाव चढवला आणि आधी माल देणारे जुने व्यापारी शंकररावांना उभं करेनात. ते आमच्या दारात आले, तेव्हा अब्बांनी आपल्या पोत्यातली पत्ती त्यांच्या पिशवीत ओतली.

शंकरराव पिशवीकडं बघतच राहिले. "आन तुमची अट काय?" त्यांनी दबकत विचारलं.

अब्बा कितीतरी महिन्यांनी मोकळेपणानं हसले.